चहा पिऊनही नापास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मद्यपी चालक ओळखण्याच्या अमेरिकी पद्धतीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. यंत्र नको, खर्च नको, रस्त्याच्या कडेला तीन चाचण्या घ्या की दारुडा हाती लागलाच. आपल्याकडेही हे आणा, असा एकूण सूर. त्यातली एक चाचणी म्हणजे सरळ रेषेवर चालणं. लेखक महाशय त्या रेषेवरून स्वतः कधी चालले आहेत का, एवढंच विचारायचं होतं.

माझे जावई चाललेत. मी गाडीत मागे बसले होते. अमेरिकेतल्या त्यांच्या मंडळाचं भजन आटोपून रात्री घरी निघालो, वळणावर चाक जरा पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि मागून लाल-निळे दिवे. पोलीस वागायला सभ्य होता, उगाच खोटं कशाला बोलू. आधी डोळ्यांसमोर पेन इकडून तिकडे फिरवून झालं. मग रेषेवर टाचेला पंजा भिडवून नऊ पावलं, वळायचं, परत नऊ. जावयांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते त्यांनी आधीच सांगितलं. ‘जमेल तसं करा,’ म्हणाला. त्यांनी जमेल तसं केलं. वळताना तोल सावरायला हात पसरले गेले, एका पावलाला टाच आणि पंज्यात फट राहिली. झालं! या चाचणीत आठ खुणा बघतात आणि त्यातल्या दोन दिसल्या की माणूस नापास. पुढे एका पायावर ३० सेकंद उभं राहायचं. तिथे चार खुणा, पुरतात दोनच. भजनात चहापलीकडे काही न घेतलेल्या माणसाला माझ्यादेखत बेड्या पडल्या. ठाण्यात यंत्रात फुंकल्यावर आकडा आला शून्य. मग सोडलं. ओढून नेलेल्या गाडीचे पैसे मात्र आम्हीच भरायचे!

‘शास्त्रशुद्ध’ म्हणता ना? मग लेखात १९९८ च्या सॅन दिएगोच्या अभ्यासातला ९१ टक्के अचूकतेचा आकडा तेवढा का? १९८१ च्या मूळ अभ्यासात रक्तातलं दारूचं प्रमाण ०.१० टक्क्याच्या वर आहे की खाली, हे डोळ्यांच्या चाचणीतून ७७ टक्के वेळा बरोबर ओळखलं गेलं, चालण्यातून ६८ आणि एका पायावरून ६५ टक्के. १९९४ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी थेंबभरही न प्यायलेल्या २१ जणांच्या चित्रफिती १४ पोलिसांना दाखवल्या. ४६ टक्के वेळा उत्तर आलं की हा गाडी चालवण्याच्या अवस्थेत नाही. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पासष्टीच्या पुढचे, पाठीचा, पायाचा किंवा आतल्या कानाचा त्रास असलेले यांना ही चाचणी जड जाते, हे तर पोलिसांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. म्हणजे मी जन्मजात नापास.

पिऊन गाडी हाकणाऱ्यांची मला जराही दया नाही, गैरसमज नसावा. पण मग सरळ फुंकायला लावा. यंत्र काही देव नाही. नुकत्याच केलेल्या माउथवॉशनेही आकडा चढतो, म्हणून पंधरा मिनिटं थांबावं लागतं. थांबावं की! यंत्राला निदान गुडघे तरी नसतात.

जाता जाता, लेख रेषेवर चालण्याचा आणि शेजारी छायाचित्र फुंकायच्या यंत्राचं, हे कोणाच्या डोक्यातून आलं? शिवाय माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तुम्ही उडवला होता आणि उरलेल्याचा अर्थ नेमका उलटा झाला. या वेळी जागा कमी पडली तर पोलिसाच्या सभ्यपणाचं वाक्य गाळा, आकड्यांना हात लावू नका.

आपली,
एक जुनी वाचक