धारूर घाटातल्या मावशींना

परवा आमचा नाचाचा ग्रुप बालविवाहावरचा प्रयोग घेऊन बीडहून निघाला होता. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात. पोरीला मागं कुणापाशी ठेवायचं, म्हणून कित्येक घरांत १८ च्या आतच लग्न उरकतात. म्हणून टोळ्या निघायच्या आधीच पोचायचं होतं.

धारूरच्या घाटात टेम्पो बंद पडला. सामान उतरवताना माझ्या घुंगरांची दोरी तुटली, घुंगरं रस्ताभर! टपरीवरच्या मावशींनी गिऱ्हाईक सोडून मोबाईलच्या उजेडात एकेक वेचलं, दाभणानं सुतळीत ओवलं, गाठ दातानं आवळली. त्यांच्या मुलानं ट्रॅक्टरमधून गावात सोडलं. डिझेलचे पैसे घेतले नाहीत, चहाचे मात्र घेतले!

मावशी, खूप आभार. गडबडीत नावही विचारलं नाही. सुतळी अजून तीच आहे.