रविवारची बैठक : स्नूपीवालं स्पीडमास्टर घड्याळ बघायला मिळणार

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला बेळगावच्या टिळकवाडीत, नेहमीच्या घरी जमायचं आहे. खानापूर, निपाणीकडच्यांनी यायचं शनिवारपर्यंत कळवावं, चहा-फराळाचा अंदाज येतो.

आपले एक सदस्य २०१५ चं ओमेगा स्पीडमास्टर 'सिल्व्हर स्नूपी' हे मनगटी घड्याळ आणणार आहेत. स्नूपी म्हणजे कार्टूनमधला कुत्रा; नासाच्या अंतराळवीरांनी ओमेगाला दिलेल्या 'सिल्व्हर स्नूपी' पुरस्कारावरून हे नाव. जगात फक्त १९७० नग. एप्रिल १९७० मध्ये चंद्रमोहिमेवरचं अपोलो १३ यान परतताना इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, ती वेळ अंतराळवीरांनी स्पीडमास्टरवर मोजली. म्हणून याच्या पांढऱ्या डायलवर शून्य ते चौदा सेकंदांच्या पट्टीत बारीक अक्षरांत प्रश्न छापलाय : चौदा सेकंदांत तुम्ही काय करू शकाल? भिंग आणाच. आत '१८६१' नावाचं, चावी द्यावी लागणारं मशीन आहे, पूर्ण चावीवर ४८ तास चालतं.

महागड्या घड्याळावर कार्टूनचा कुत्रा शोभतो का, यावर ग्रुपवर आधीच जुंपली आहे. मला तर शोभतो! उरलेलं भांडण समोरासमोर करूया.

नियम :
- अंगठी, कडं काढून मगच हात लावायचा. घड्याळ टेबलावरच्या मऊ कापडावरच राहील.
- मनगटावर चढवायचं नाही, बटणं दाबायची नाहीत. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, मालक स्वतः चालवून दाखवतील.
- घड्याळाचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो नको. मालकाचं नाव, पत्ता स्टेटसला टाकू नये.
- किंमत विचारा, पण सौदा तिथे नको.

घरातलं जुनं एचएमटी जनता घड्याळ असेल तर चावी देऊन आणा. पाहुणा आणायचा असल्यास आधी विचारा.