फुले पाहताना

संपादक महोदय,
कास पठारावरील लेख आवडला. सीतेच्या आसवांचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला. नखाएवढे ते जांभळे फूल वाकल्याशिवाय नीट दिसत नाही आणि ओल्या कातळावर चक्क सूक्ष्म जीव पकडून जगते! आम्हा ख्रिस्ती लोकांना अशा वेळी डोंगरावरील प्रवचन आठवते. रानफुले कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजाही त्यांच्यासारखा सजला नव्हता, असे प्रभू येशू त्यात सांगतात.

याच प्रवचनाने रेव्ह. ना. वा. टिळकांना ओढ लावली. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. फुलामुलांच्या या कवीला नुसत्या फुलांनी ख्रिस्ताकडे नेले, असे मात्र मी म्हणणार नाही. फुले सर्वांनाच दिसतात. निर्मात्याची ओळख पटायला टिळकांनाही बायबलमधले शुभवर्तमान वाचावे लागले. पण ती पटल्यावर तेच फूल पाहताना हात आपोआप जोडले जातात, हा माझा अनुभव आहे.

जाता जाता आमच्याच मंडळींना विनंती: सहलीत स्तोत्रे जरूर म्हणा, पण पायवाटेवर उभे राहून. ताटव्यात बसकण मारून नको.

– एक वाचक, सातारा