झुडपाची उंची नव्हे, बुंध्यातली वलये पाहा

महोदय,

समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलींत गुरे-मेंढ्या चरू द्याव्यात की नाही, हा वाद निघाला की दोन्ही बाजू वरवर दिसणाऱ्या हिरवाईवरच बोलतात. झुडपे खुरटी दिसली की चराईने वाटोळे केले आणि दाट दिसली की सारे आलबेल, असा निष्कर्ष काढला जातो. वनस्पतिशास्त्र शिकवताना मला हा निष्कर्ष वारंवार खटकत आला आहे, कारण सतत शेंडे खुडले गेलेले घोट्याएवढे झुडूप शेजारच्या गुडघ्याएवढ्या झुडपापेक्षा वयाने मोठे असू शकते. त्याचे खरे वय बुंध्यात, तेही अनेकदा भरतीच्या पाण्याने आणलेल्या गाळाखाली, वलयांच्या रूपात दडलेले असते.

खोडातील वलये एकमेकांशी ताडून साल निश्चित करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी ए. ई. डग्लस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने मोठ्या वृक्षांवर रुजवली. झुडपाचे खोड मात्र जेमतेम पेन्सिलीएवढे. त्याचा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पातळ काप काढून सॅफ्रॅनिन या लाल रंजकाने रंगवला की काष्ठ लाल उठून दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मोजता येते. काही वलये एका बाजूला रुंद असतात, तर दुसऱ्या बाजूला निमुळती होत नाहीशीच होतात, त्यामुळे एकाच रेषेवर मोजणी केली तर वय हमखास चुकते. फांदीचा काप घेणे तर त्याहून मोठी चूक होय, कारण गाळात दबलेल्या फांद्यांना नवी मुळे फुटतात आणि अशी फांदी मूळ झुडपापेक्षा कितीतरी तरुण असते.

डच किनाऱ्याजवळच्या स्खिरमोनिकोख बेटाचे उदाहरण येथे बोलके आहे. २००९ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या वाडन समुद्रातील या बेटाच्या दलदलींत अ‍ॅट्रिप्लेक्स पोर्टुलाकॉइडेस नावाचे राखट पानांचे झुडूप वाढते. हिवाळ्यात ससे ते कुरतडतात. ससे नसले की ते माजते आणि वसंतात येणाऱ्या ब्रेंट हंसांचा चारा त्याखाली झाकला जातो. गुरांच्या खुरांखाली मात्र हेच झुडूप मोडते. चरणारा प्राणी कोणता, हे न विचारता ‘चराई’ हा एकच शब्द वापरणे म्हणूनच मला घातक वाटते.

अर्थात, अरुंद वलय दिसले म्हणजे चराईचाच पुरावा मिळाला, असे नव्हे. कडक थंडी किंवा लांबलेला पूर यांनीही वाढ खुंटते. ज्या वर्षी गुरांना अडवणाऱ्या कुंपणाच्या आतली आणि बाहेरची अशी सगळीच झुडपे मंदावली, त्या वर्षीचा दोष हवामानाला द्यावा लागतो. केवळ बाहेरची मंदावली असतील, तरच संशयाची सुई गुरांकडे वळते. शिवाय अनेक झुडपांची वये एकत्र मांडली की कोणत्या वर्षांतली रोपे आज शिल्लकच नाहीत, हेही उघड होते. एका हंगामात केलेल्या गणनेतून हे कधीच कळत नाही.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अ‍ॅट्रिप्लेक्सच्या कुळात काष्ठ एकामागून एक नव्या वर्धक थरांतून, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या थरांतून, तयार होते. खारफुटीतल्या तिवराच्या खोडातही असेच पट्टे दिसतात, पण ते वर्षाला एक या हिशेबाने पडत नाहीत. म्हणून ज्यांचे वय आधीपासून ठाऊक आहे अशा रोपांवर पडताळणी झाल्याखेरीज कोणत्याही जातीच्या वलयांवर विसंबू नये.

बुंधा कापला की झुडूप बहुधा मरते, याची मला जाणीव आहे. त्यामुळे नमुने मोजकेच घ्यावेत आणि वाळून गेलेली खोडेही वापरावीत. परंतु चराईबंदीचे किंवा चराईच्या परवानगीचे आदेश निघण्यापूर्वी कुंपणाच्या दोन्ही बाजूंची थोडी खोडे तपासली जावीत आणि ते काप पुढील पडताळणीसाठी जपून ठेवले जावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक