गोळी दिली नाहीत, म्हणून हे पत्र

मेडिकलवाल्या ताई,

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. आमच्या घरात तुम्ही 'मेडिकलवाल्या ताई'च.

गड्ड्याच्या, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीचा तो दिवस आठवतो का? माझा भाऊ नंदीध्वज धरणाऱ्यांत, त्याची बाराबंदी इस्त्री करून तयार, आणि संमती कट्ट्यावर अक्षतेला सगळं घर जाणार. नेमकी तेव्हाच पोरीची अडचण येणार, असा माझा हिशोब. म्हणून तिला घेऊन तुमच्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "पाळी पुढं ढकलायची गोळी द्या."

"कुणासाठी?" मी पोरीकडं बोट केलं. "वय?" तेरा. "डॉक्टरांची चिठ्ठी?" चिठ्ठी कसली, माझ्या जावेला तर कुणीही देतं! तुम्ही नाही म्हणालात तेव्हा, खरं सांगते, रागच आला. दुकान टाकून बसलंय तर गोळी द्यावी, शहाणपणा कशाला?

तुम्ही आम्हाला बाजूला, फ्रिजपाशी घेतलंत आणि मला सोडून पोरीलाच विचारलंत. किती दिवस जातं? दहा-अकरा. पॅड किती वेळानं बदलतेस? तासा-दीड तासानं. रात्री उठतेस? हो. रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात? ती नुसती मान हलवत होती. मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींचे युनिफॉर्म शिवते, आणि माझी पोर शाळेत दोन-दोन पॅड लावून जाते हे मला तुमच्या फ्रिजपाशी कळलं. मग तुम्ही तुमचा तळहात तिच्या तळहाताशेजारी ठेवलात. तुमचा गुलाबी. तिचा मळलेल्या कणकेसारखा. शेवटी विचारलंत, "माती, खडू असलं काही खावंसं वाटतं?" तिनं माझ्याकडं बघितलं. कंपासपेटीत पाटीवरच्या पेन्सिली सापडल्या म्हणून मी तिला दोनदा मारलं होतं, ताई.

डॉक्टरांना आधी दाखवलं नव्हतं असं नाही. थकते म्हणून टॉनिकची बाटली मिळाली होती. पाळीचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्ही तिची उत्तरं एका बिलाच्या पाठीवर लिहून दिलीत आणि म्हणालात, "उद्याच सिव्हिलला जा." अक्षतेच्या वेळी आम्ही दोघी तिथल्या बाकावर होतो. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. या वयात १२ तरी हवं. सोनोग्राफी झाली, थायरॉइड झालं, रक्त नीट गोठतं का तेही बघितलं, कारण काही पोरींचा तो आजार पहिल्यांदा पाळीतच दिसतो म्हणे. आमचं ते ठीक निघालं. डॉक्टरबाईंनी समजावलं की पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. मग पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि कधीही, कितीही पडतं. तारखा मागं-पुढं झाल्या तर एवढं काही नाही. पण सात दिवसांच्या वर आणि तासातासाला पॅड, हे अंगावर काढायचं नाही.

आणि गंमत बघा, रक्त थांबवायला त्यांनी जी गोळी लिहिली ती मी मागितलेलीच निघाली! चिठ्ठी घेऊन तुमच्याकडंच आले, तर तुम्ही हसलात. मला आधी कळेना, मग तेव्हा का नाही दिली? पण आता ती तपासून दिली होती, दिवस मोजून, आणि बंद केल्यावर काय होईल ते सांगून.

लोहाची गोळी चालू आहे. लिंबूपाण्याबरोबर देते, चहा तिच्या आसपास नाही, हे तुमचंच सांगणं. संडास काळी झाली तेव्हा घाबरून तुमच्याकडं पळत आले होते, तेही तुम्ही निस्तरलंत. सासूबाई म्हणाल्या, शेंगा-गूळ द्या, झालं. देतेच, पण ७.८ नुसत्या शेंगांनी वर येत नाही, हे आता सासूबाईच शेजारणीला सांगतात. परवा ११.६ आलं. भरून आल्यावरही तीन महिने गोळी सोडायची नाही, साठा भरायचा असतो.

पोर आता कॅलेंडरवर ठिपके देते. तिच्या पप्पांना वाटलं, नळाला पाणी आल्याच्या खुणा आहेत. रविवारी ठिपका बघून पहाटे बॅरल धुऊन बसले. मग पोरीनंच त्यांना सांगितलं. मी नाही.

आणखी एक. तिला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. काय ते मला सांगत नाही. एकटीला पाठवू का? दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नसते ना?

तुमची,
गोळी मागणारी बाई