मुलाला घेऊन आलेली बाई

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, सोमवारपासून मानसशास्त्राच्या क्लिनिकमध्ये माझी पहिली केस. काचेपलीकडे मॅडम बसून बघणार." तुझ्या आवाजातली धडधड मला इथे ऐकू आली. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

ज्या खोलीत तू सोमवारी बसशील, तशा खोलीची सुरुवात तुझ्या तिकडच्या गावापासून तीन-चार तासांवरच्या, अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, मार्च १८९६. तिथे मानसशास्त्र शिकवणारे लाइटनर व्हिटमर तेव्हा तिशीच्याही आत होते. जर्मनीत प्रायोगिक मानसशास्त्राचे जनक वुंट यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले, प्रयोगशाळेतले माणूस. त्यांच्या वर्गाला शहरातल्या शाळांमधल्या शिक्षिकाही येत. त्यांतल्या मार्गारेट मॅग्वायर एका चौदा वर्षांच्या मुलाला त्यांच्याकडे घेऊन आल्या. मुलगा बोलायला हुशार, पण शब्दांचं स्पेलिंग काही केल्या जमत नव्हतं.

व्हिटमर यांना वाटलं, मानसशास्त्राला खरंच काही किंमत असेल, तर अशा वेळी ते त्या बाईंच्या उपयोगी पडलं पाहिजे. त्यांनी मुलाचे डोळे तपासून घेतले. दोष निघाला, चष्मा लागला. पण चष्म्याने सगळं सुटलं नाही. मग त्याला वाचन वेगळ्या पद्धतीने, चिकाटीने शिकवावं लागलं. तो बऱ्यापैकी वाचू लागला, स्पेलिंग मात्र कच्चंच राहिलं. मला ही अर्धी सुधारणा फार खरी वाटते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत पूर्ण बरं झालेलं मूल मी फार कमी पाहिलं. थोडं पुढे सरकलेली मुलं मात्र पुष्कळ पाहिली.

त्याच वर्षी डिसेंबरात व्हिटमर यांनी बोस्टनला मानसशास्त्रज्ञांच्या सभेत आपलं म्हणणं मांडलं. फार कोणी उत्साह दाखवला नाही. तरी १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी चार आठवड्यांचा वर्ग घेतला. त्यात शिकणाऱ्यांसमोरच मुलांची तपासणी होई. उपचार आणि शिक्षण एकाच खोलीत, हीच तुमच्या प्रशिक्षण क्लिनिकची बीजं. १९०७ मध्ये त्यांनी 'द सायकॉलॉजिकल क्लिनिक' हे नियतकालिक काढलं आणि या शाखेला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नावही दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी माणसं कमी पडू लागली, आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाला संशोधनही यावं आणि माणसांबरोबरचं कामही. तुमचा अभ्यासक्रम त्याच वळणाचा. आपल्याकडे मुंबईत १९३७ मध्ये टाटांच्या समाजकार्य संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. ते मात्र समाजकार्याच्या वाटेने आलं.

पण माझं मन त्या मॅग्वायरबाईंपाशीच घोटाळतं.

तुला मी कधी सांगितलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तीसपर्यंतचे पाढे धडाधड म्हणायचा, गोठ्यातल्या म्हशीचं दूध किती दिवस टिकेल ते अचूक सांगायचा. पण 'कमळ' लिहायला सांगितलं की पाटीवर 'मकळ'. मी खोडायला लावायची, पुन्हा 'मकळ'. मी त्याच्या वहीत लाल शाईने इतके गोल केले की अक्षरं दिसेनाशी झाली. दाराशी उभाही केला. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. त्याला कुठे घेऊन जावं हे माझ्या मनातच आलं नाही, मुक्ता. मी त्याला आळशी समजत होते. आणि माझ्याहून शंभर वर्षं आधी एका बाईला ते सुचलं होतं.

म्हणून एक मागणं आहे. सोमवारी मूल तुझ्यासमोर बसेल, तेव्हा त्याला इथवर कोणी आणलं तेही विचार. आई असेल, मामा असेल, शाळेतल्या बाई असतील. त्यांनी काय पाहिलं, केव्हापासून पाहिलं, घाईने पान न उलटता ऐकून घे. तुझ्या टिपणात त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत उतरव. आणि मुलाची वही मागून घे. त्यात कोणी लाल गोल केले असतील, तर ते गोल बाजूला ठेवून आतली अक्षरं वाच.

बाबांची शुगर आता आटोक्यात आहे. लोणच्याची बरणी कुरियरने पाठवली आहे, झाकण घट्ट आहे ना बघ. सोमवारी तुझं संपेल तेव्हा इथे मध्यरात्र असेल. तरी फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
आई