छायाचित्र काढून झाल्यावर पाहुणे कुठे बसतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या विधी विभागांत परदेशी प्राध्यापक येऊ लागल्याची आपल्या अंकातली बातमी वाचली. सोबतचे छायाचित्रही पाहिले. मागे फलक, पुढे सामंजस्य कराराची फाइल, मध्ये अवघडलेले पाहुणे. अशा छायाचित्रांत कोपऱ्यात मीही चारदोनदा उभी राहिले आहे. एका विधी विभागाच्या ग्रंथालयात माझी सव्वीस वर्षे गेली. छायाचित्र काढून झाल्यावर पाहुण्यांचे काय होते ते मला ठाऊक आहे. ते ग्रंथालयात येतात. जाणार कुठे? बसायला खोली नसते आणि ज्यांनी बोलावले ते तासावर गेलेले असतात.

फ्रान्सहून एक बाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचा विषय करारांचा कायदा. निमंत्रणपत्रावर कुलगुरूंची सही होती, स्वागताची भाषणेही झाली, पण निवाड्यांच्या ऑनलाइन डेटाबेसचा पासवर्ड मिळायला एकोणीस दिवस लागले. वर्गणीच्या करारात 'अधिकृत वापरकर्ते' म्हणजे विद्यार्थी आणि पगारी कर्मचारी, एवढेच लिहिलेले. बाई दोन्हींत बसत नव्हत्या. करार शिकवायला आलेल्या बाईंना, आम्हीच सही केलेला करार आम्ही वाचला नव्हता, हे सांगताना मी ओशाळले. त्या मात्र खो खो हसल्या. वर्गात सांगायला उदाहरण मिळाले म्हणाल्या, आणि त्यांनी ते खरोखरच सांगितले.

त्या एकोणीस दिवसांत त्यांनी आपल्याकडचे छापील लॉ रिपोर्टचे, म्हणजे निवाड्यांच्या संग्रहाचे, खंड चाळायला घेतले. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा निकाल पूर्वापार आटोपशीर असतो. तो साऱ्या न्यायालयाचा म्हणून येतो, कोणत्या न्यायाधीशाचे मत वेगळे पडले ते छापले जात नाही. त्यामुळे बहुमताच्या निकालामागे पानेच्या पाने भिन्नमत पाहून त्या थबकल्या. "हे न्यायमूर्ती तर हरले. मग यांचे म्हणणे कशाला छापले?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मला काय कळते? शेजारच्या टेबलावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, त्याच्याकडे मी बोट दाखवले. त्याने अमेरिकेतला प्लेसी खटला काढला. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणे कायदेशीर, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल. १८९६ साली न्यायमूर्ती हार्लन एकटेच वेगळे पडले होते आणि १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात न्यायालय, शाळांपुरते का होईना, त्यांच्या बाजूला आले, असे तो सांगू लागला. बाईंनी त्याला तिथेच अडवले. तोपर्यंतची अठ्ठावन्न वर्षे लोकांनी कायदा कोणता मानायचा? मुलगा गप्प. दुसऱ्या दिवशी तो आणखी चौघांना घेऊन आला. आठवडाभरात मला दुसरे टेबल जोडावे लागले आणि 'शांतता राखा' ही पाटी भिंतीकडे वळवून ठेवावी लागली. बाईंचे जाहीर व्याख्यानही पुढे झाले. त्यातले मला काहीच आठवत नाही.

टाइम्स हायर एज्युकेशनच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत परदेशी अध्यापकांच्या प्रमाणाला अडीच टक्के वजन आहे. ते मिळवायला माझी हरकत नाही. पण त्यासाठी माणूस आणायचा आणि कामाला टेबल द्यायचे नाही, हे मला पटत नाही.

कारकुनीची चूक तर फार महागात पडते. आमचे एक प्राध्यापक चार महिन्यांसाठी अमेरिकेत गेले. पाहुण्या अभ्यासकांना मिळणाऱ्या तिथल्या जे-१ व्हिसात सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला 'अल्पकालीन अभ्यासक' हा वेगळा प्रकार आहे. यजमान कार्यालयाने सवयीने 'संशोधक अभ्यासक' असे भरले. त्या प्रकारात काम संपवून परतले की पुन्हा त्याच प्रकारात जायला चोवीस महिने थांबावे लागते. पुढच्याच वर्षी त्यांना वर्षभराचे निमंत्रण आले आणि ते तसेच फाइलीत राहिले.

जुनी गोष्ट सांगते. १९३३ मध्ये जर्मनीत नाझींनी ज्यू अध्यापकांना काढले, त्यांत कायद्याचे अध्यापक एर्न्स्ट हिर्श होते. वय एकतीस. इस्तंबूल विद्यापीठाने त्यांना व्यापारी कायद्याची प्राध्यापकी दिली, वर्गात दुभाषी दिला आणि परदेशी प्राध्यापकांनी तीन वर्षांत तुर्की शिकावे अशी अट करारात घातली. हिर्श तुर्की शिकले. पुढे त्यांनी मसुदा केलेली व्यापारी संहिता तुर्कस्तानात १९५७ पासून २०१२ पर्यंत चालली. नाझींच्याच काळात हान्स केल्सन यांच्यासारखा मोठा कायदेपंडित अमेरिकेत पोचला. हार्वर्डच्या लॉ स्कूलने त्यांना मानाची व्याख्याने दिली, कायमची जागा दिली नाही. ती त्यांना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मिळाली, तीही राज्यशास्त्र विभागात. इस्तंबूलकडे हार्वर्डएवढी पुस्तके नक्कीच नसतील, पण पाहुण्याकडून काम काय करून घ्यायचे हे त्यांनी तो येण्याआधी ठरवले होते.

फ्रेंच बाई गेल्यावर मी विभागप्रमुखांना अर्ध्या पानाचे टिपण दिले. डेटाबेसच्या करारात 'अभ्यागत अध्यापक' हे दोन शब्द घालून घ्यावेत, विमानाचे तिकीट निघण्याआधी पाहुण्याचा ईमेल आणि ग्रंथालयाचे कार्ड तयार असावे आणि विभागातल्या एकाच माणसाचे नाव 'यांना विचारा' म्हणून त्यांना कळवावे. पहिली गोष्ट चार वर्षांनी झाली. तिसरी माझ्या निवृत्तीपर्यंत झाली नव्हती, म्हणून ते नाव बहुतेक वेळा माझेच असे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी असे छायाचित्र घ्यायला गेलात की पाहुण्यांना बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारा: तुम्ही बसता कुठे, आणि पासवर्ड कितव्या दिवशी मिळाला? उत्तरे छायाचित्राखाली छापा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल